डायलिसिसच्या दिवशी डोकं दुखतं? आधी घड्याळ बघा, मग वजनकाटा

मशीनवर असताना डोकं दुखणं ही डायलिसिस युनिटमधली रोजची तक्रार. पॅरासिटामॉल दिली की त्या दिवसापुरतं भागतं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच दुखणं आणि पुन्हा तीच गोळी. असं महिनोन्‌महिने चालतं, आणि पेशंट म्हणतो, "डायलिसिस म्हटलं की हे आलंच." बऱ्याच वेळा ते यायचं काही कारण नसतं.

मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. गोळी सुरू करणं, बंद करणं, ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) बदलणं हे नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं काम. पण राउंडला सर तुमच्या बेडपाशी येतात तेव्हा तुमच्याकडे सांगायला नेमकं काही असेल तर त्यांचंही काम सोपं होतं. "डोकं दुखतं हो" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. "गेले तीन सोमवार तिसऱ्या तासाला दुखतं, बुधवार-शुक्रवारी नाही" असं सांगितलंत की सर लगेच चार्ट मागवतील.

तेव्हा पहिलं काम, एक छोटी वही. तारीख, येतानाचं वजन, जातानाचं वजन, सुरुवातीचं आणि शेवटचं बीपी, मशीनने अंगातलं किती जादा पाणी काढलं, डोकं कितव्या तासाला दुखायला लागलं, केव्हा थांबलं. यातलं बरंचसं युनिटच्या चार्टवर असतंच, मागितलं की सिस्टर सांगतात. चार-पाच वेळा लिहून झालं की त्यातली चाल आपोआप दिसायला लागते.

येण्याआधीच दुखत असेल तर

सकाळी उठल्या-उठल्या डोकं जड, चेहरा सुजल्यासारखा, रात्री आडवं झालं की धाप, आणि मशीनला लावल्यावर पाणी निघत जाईल तसं बरं वाटत जातं. हे अंगात पाणी साठल्याचं आणि बीपी वर गेल्याचं दुखणं. यावर गोळी घेऊन उपयोग नाही, पाणी काढणं हाच उपाय. असं वरचेवर होत असेल तर एक शंका नक्की घ्यावी, ती म्हणजे तुमचं ड्राय वेट जुनं झालंय का.

ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. ते एकदा ठरवलं की कायमचं, असा अनेकांचा समज आहे. पण माणूस महिनाभर आजारी पडला, जेवण कमी झालं, तर अंगावरचं मांस उतरतं. समजा दोन किलो मांस गेलं आणि त्या जागी दोन लिटर पाणी भरलं. काटा तेवढंच दाखवणार, आपण तेवढंच पाणी काढणार, आणि दोन लिटर पाणी अंगात राहूनच माणूस घरी जाणार. डोकं दुखतं, बीपीच्या गोळ्या वाढत जातात, आणि वजन कागदावर मात्र बरोबर. उलटही होतं. भूक सुधारली, अंगावर मांस चढलं आणि ड्राय वेट जुनंच ठेवलं, तर आपण गरजेपेक्षा जास्त पाणी ओढतो. मग शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात, जांभया सुटतात, आवाज बसतो, डोकं दुखतं, आणि घरी गेल्यावर माणूस दिवसभर अंथरुणाला खिळतो. आजारपणानंतर, किंवा जेवण एकदम वाढलं-घटलं की, "सर, ड्राय वेट एकदा बघता का?" हे स्वतःहून विचारा.

सकाळच्या दुखण्यात बीपीच्या गोळ्यांचाही एक घोळ असतो. मशीनवर बीपी पडतं म्हणून काही जण त्या दिवशी सगळ्याच गोळ्या टाळतात. क्लोनिडिनसारखी गोळी अशी अचानक टाळली तर बीपी उसळी मारून वर जातं आणि डोकं फुटायची वेळ येते. शिवाय काही गोळ्या डायलिसिसमध्ये रक्तातून धुतल्या जातात, काही नाही. मेटोप्रोलॉल बरीचशी निघून जाते, कार्व्हेडिलॉल जवळपास तशीच राहते. त्यामुळे कुठली गोळी आधी, कुठली नंतर, हे प्रत्येक गोळीचं नाव घेऊन लिहून घ्या.

हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू असेल तर त्यानेही बीपी वाढू शकतं. हृदयासाठी नायट्रेटची गोळी असेल तर ती एकटीही डोकं दुखवायला पुरेशी आहे. दोन्ही गोष्टी वहीत टिपून ठेवा.

पहिल्या-दुसऱ्या तासात

नवीन पेशंटच्या बाबतीत हे जास्त दिसतं. युरिया, म्हणजे किडनीने बाहेर टाकायची घाण, रक्तात खूप चढलेला असतो. मशीन रक्तातला युरिया भराभर खाली आणतं, पण मेंदूतला तेवढ्या वेगाने उतरत नाही. मग पाणी मेंदूकडे ओढलं जातं आणि डोकेदुखी, मळमळ, अस्वस्थपणा सुरू होतो, क्वचित फिट येते. म्हणून तर पहिलं डायलिसिस दोनच तासांचं आणि रक्ताचा वेग कमी ठेवून करतात. नातेवाईक कधीकधी रागावतात, "पैसे पूर्ण घेतले आणि दोनच तास लावलं?" ते मुद्दाम असतं. जुन्या पेशंटनेही आठ-दहा दिवस दांडी मारली की तो या बाबतीत पुन्हा नव्यासारखाच होतो. लग्नासाठी गावी जाऊन आलात तर युनिटला तसं सांगा.

चहाचं प्रकरण वेगळं. पहाटे कडक चहा घेऊन सहाच्या शिफ्टला येणाऱ्यांच्या रक्तातलं कॅफीन मशीन काढून टाकतं. ज्यांना दिवसाला चार-पाच कप लागतात त्यांचं डोकं मग चहा चुकल्यावर धरतं तसं धरतं. अर्धा कप चहाने तासाभरात उतरलं तर उत्तर मिळालं. तो चहा पाण्याच्या हिशोबात धरा, आणि बीपी पडायची खोड असेल तर मशीनवर खाणं टाळा, कारण पोटात अन्न गेलं की रक्त तिकडे धावतं. कायमचा उपाय म्हणजे एकूण चहा हळूहळू कमी करणं.

मधुमेह असेल, सकाळचं इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता राहिला, तर डोकेदुखीसोबत घाम, थरथर, भूक लागते. तिथे चर्चा नको, लगेच साखर तपासायला सांगा.

आणि एक गोष्ट पेशंट सहसा बोलत नाहीत, पण बोलावी. एकाच शिफ्टमध्ये तुमच्यासह शेजारच्या दोन-तीन जणांनाही डोकं दुखणं, मळमळ, थंडी असं काही व्हायला लागलं, तर कारण तुमच्या अंगात नाही, मशीनला लागणाऱ्या पाण्यात शोधायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन कार्बनच्या टाकीत अडायला हवं. एकूण क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. कार्बन दमला की ते पुढे जातं आणि रक्तपेशी फुटू लागतात. पावसाळ्यात पाण्यातलं क्लोरीन वाढलं की आम्ही याची जास्त धास्ती घेतो. "आज पाण्याची टेस्ट झाली का?" असं टेक्निशियनला विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. मला कोणी विचारलं तर मी रजिस्टर उघडून दाखवतो.

तिसरा-चौथा तास: इथेच खरी गर्दी

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे एक काका येतात, सोमवार-बुधवार-शुक्रवार, पहिली शिफ्ट. ड्राय वेट ५६. लघवी जवळजवळ बंद. दर सोमवारी साधारण पावणेनऊ वाजले की त्यांचा हात कपाळावर जातो. बुधवारी याच खुर्चीवर, याच मशीनवर पेपर वाचत बसलेले असतात.

बुधवारी ते ५८.१ ला आलेले असतात, म्हणजे २.१ किलो जास्त. शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन वगैरे धरून आम्ही २.४ लिटर काढतो. चार तासांत, ५६ किलोच्या माणसातून. हिशोब केला तर तासाला, किलोमागे, साधारण १०.७ मिलिलिटर. सोमवारी ते येतात ५९.६ ला. काढायचं ३.९ लिटर. तोच हिशोब जातो १७.४ वर. किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये असं सर्वसाधारणपणे मानतात, कारण त्यापुढे हृदयावर ताण येतो. आपण रक्तातून पाणी ओढतो तेव्हा पेशींच्या अवतीभवतीचं पाणी रक्तात परत भरायला वेळ लागतो. ओढ जास्त आणि भरणा कमी झाला की बीपी घसरतं. काही जणांचं उलट वर चढतं. डोकं दोन्हीकडे दुखतं.

तुमचा आकडा काढायचा असेल तर काढायचं पाणी मिलिलिटरमध्ये घ्या, तासांनी भागा, मग ड्राय वेटने भागा. मशीनच्या पडद्यावर यूएफ गोल (एकूण काढायचं पाणी) आणि यूएफ रेट (ते काढायचा वेग) लिहिलेला असतोच. यूएफ रेट तासाचा असतो, त्याला ड्राय वेटने भागलं की झालं.

युनिटच्या बाजूने यावर काही करता येतं. वेळ साडेचार-पाच तास केला तर वेग आपोआप उतरतो. सगळ्यांत चांगला उपाय हाच, आणि सगळ्यांत जास्त नकार यालाच मिळतो. "अर्धा तास आधी काढा" म्हणणारे पुष्कळ, "अर्धा तास जास्त ठेवा" म्हणणारा वर्षातून एखादा. डायलायसेटचं (मशीनमध्ये रक्त धुणाऱ्या द्रावणाचं) तापमान ३७ ऐवजी ३६ किंवा ३५.५ ला ठेवलं तर बीपी टिकतं. थंडी वाजते, घरून शाल आणा. आधी तासभर फक्त पाणी काढायचं आणि मग डायलिसिस सुरू करायचं, असंही करतात. फार वजन वाढलं तर एक जादा सेशन.

आणखी एक उपाय आहे, त्यात मेख आहे. डायलायसेटमधलं सोडियम वाढवलं किंवा मध्येच शंभर-दोनशे मिली सलाईन सोडलं की डोकं लगेच हलकं होतं. पेशंट खूश. पण ते मीठ तुमच्या अंगात राहून घरी येतं. संध्याकाळी घशाला कोरड पडते, पाणी जास्त जातं, पुढच्या वेळी वजन आणखी जास्त. मग आणखी जोरात ओढा, पुन्हा डोकेदुखी, पुन्हा सलाईन. "सिस्टर, थोडं सलाईन सोडा ना" हे दर वेळी तोंडात येत असेल तर या चक्रात अडकलात असं समजा.

पाणी कमी प्या, हा सल्ला अर्धाच

काकांच्या बायकोला, काकूंना, विचारलं, पाणी किती देता? त्या म्हणाल्या, "मोजून. सकाळी एक लिटरची बाटली भरते, तेवढीच." आणि ते खरंच होतं. मग शनिवार-रविवारचं जेवण विचारलं. सकाळी पोहे, वर शेव. दुपारी आमटी-भात, लोणच्याची फोड, पापड. चारला चहाबरोबर फरसाण. रात्री खिचडी-कढी. रविवारी मुलगा येतो म्हणून चिकनचा रस्सा. बाटलीत यातलं काहीच नव्हतं. आमटी, कढी, रस्सा हे पाणीच. पण माझं लक्ष शेव-पापड-लोणच्याकडे गेलं.

सलाईनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरही साधारण याच प्रमाणात पाणी धरून ठेवतं. म्हणजे ८-९ ग्रॅम मीठ पोटात गेलं की जवळपास लिटरभर पाणी प्याल्याशिवाय तहान थांबत नाही. ज्याला लघवी होत नाही त्याचं मीठ घामावाटे थोडंफार जातं, बाकी मशीनची वाट बघतं. दिवसाला १० ग्रॅम धरा, शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ जवळपास तीन दिवस. झाले साडेतीन लिटर. काकांचं सोमवारचं वजन बघा. हिशोब जुळतो.

म्हणून मीठ तसंच ठेवून नुसतं पाणी तोडणं ही माणसाला शिक्षा आहे. तो चोरून पिणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. मीठ उतरवलं की तहान आपोआप उतरते. डायलिसिसच्या पेशंटला दिवसाला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, सगळं मिळून. आमच्याकडे जमलेला मार्ग असा. भाजी-आमटी सगळ्यांचीच मिठाशिवाय शिजवायची, पेशंटचं वाढून घ्यायचं, मग बाकीच्यात मीठ घालायचं. पेशंटचं दिवसाचं मीठ सकाळीच एका डबीत काढून ठेवायचं, ते ताटात वरून घ्यायचं. वरून घेतलेलं मीठ जिभेला जास्त लागतं. फोडणीत लसूण, जिरं, हिंग, वरून लिंबू पिळलेलं. लोणचं, पापड, कुरडया, खारे शेंगदाणे, फरसाण, पाकिटातले मसाले, सॉस घरातच नकोत. समोर असल्यावर कोण थांबतं?

दोन इशारे. "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि डायलिसिसच्या पेशंटचं हृदय त्याने थांबू शकतं. ते अजिबात नको. सैंधव म्हणाल तर तेही मीठच आहे, उपवासाला चालतं म्हणून किडनीला चालत नाही. शहाळ्याचं पाणी आणि फळांचे रस पोटॅशियममुळेच नकोत, मग डोकं उन्हाने दुखत असो की कशाने.

आता मोजमाप. लघवी होत असेल तर चोवीस तासांची मोजा. त्यात साधारण ५०० मिली मिळवलं की दिवसाचा कोटा. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांचा. खाण्यातलं पाणी आणि घाम-श्वासातून जाणारं पाणी यांचा मेळ साधारण बसतो, म्हणून प्यायचं तेवढंच धरायचं. घरातलं फुलपात्र, कप, आमटीची वाटी यांत नेमकं किती मावतं ते एकदा बघून ठेवा. लहान बाळाच्या दुधाच्या बाटलीवर मिलिलिटरच्या खुणा असतात, तिने मोजता येतं. मग सकाळी कोट्याएवढं पाणी बाटलीत भरा, आणि चहा, ताक, आमटी, औषधाचा घोट, जे जाईल तेवढं त्या बाटलीतून ओतून टाका. बाटलीत उरलं तेवढंच आज उरलं. काकूंच्या बाटलीत फक्त पाणी होतं, एवढाच फरक होता.

कोरड पडली तर चूळ भरून टाका, लवंग किंवा वेलदोडा चघळा, बर्फाचा एक खडा तोंडात धरा (तोही हिशोबात). गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर घ्या, वेगळं फुलपात्र लागत नाही. मधुमेह असेल आणि साखर चढलेली असेल तर यातल्या कशानेही तहान जाणार नाही, आधी साखर खाली आणावी लागेल.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर. दोन सेशनमध्ये वाढ ड्राय वेटच्या चार टक्क्यांच्या आसपास ठेवायची. ५६ किलोला सव्वादोन किलो. शनिवारी सकाळीच एक किलो वर दिसलं तर रविवार सावरता येतो. सोमवारी काट्यावर चढून कळलं तर मग आमच्या हातात फक्त वेग उरतो.

काकांचं काय झालं? शेव-पापड बंद झाले, लोणच्यावरून घरात एकदा भांडण झालं. सोमवारचं वाढलेलं वजन आता बहुतेक अडीच किलोच्या आत असतं. डोकं अधूनमधून दुखतं, सणवार झाला की हमखास. दर सोमवारी मात्र नाही.

गोळी घ्यायचीच असेल तर

पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये. पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड हे प्रकार स्वतःहून घेऊ नका. मशीनवर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनमुळे रक्त आधीच पातळ असतं, त्यात पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि थोडीफार लघवी शिल्लक असेल तर तीही जाते. मेडिकलमध्ये "डोकेदुखीची द्या" म्हटलं की जे मिळतं त्यात काय आहे ते पाकिटावर वाचा. मान आखडली म्हणून बॅक्लोफेन कोणी दिली तर ती डायलिसिसच्या पेशंटला थोड्या डोसातही गुंगी आणि भ्रम आणू शकते, नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. बाम चोळा, सुंठेचा लेप लावा, त्याला कोणाची हरकत नाही. काढा मात्र नको.

गावाकडे आणखी एक धोका असतो. डोकं दुखतंय, अशक्तपणा आहे म्हटलं की जवळच्या दवाखान्यात एक सलाईन लावतात. ५०० मिलीच्या त्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, आणि काढायला किडनी नाही. "डायलिसिसचा पेशंट आहे" हे दारातच सांगा.

या डोकेदुखीला वही काढत बसू नका

एकदम, क्षणात, आयुष्यात कधी झाली नाही अशी जोरात सुरू झालेली डोकेदुखी. सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, एक हात-पाय जड, फिट, नजर धूसर, किंवा खूप चढलेलं बीपी आणि उलट्या. मानेत किंवा छातीत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असताना थंडी वाजून ताप. आणि डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, मार किरकोळ वाटला तरी. हेपरिन घेणाऱ्या माणसात कवटीच्या आत रक्त हळूहळू साठू शकतं. नेहमीची डायलिसिसची डोकेदुखी बहात्तर तासांच्या आत उतरते. जी दिवसेंदिवस वाढतच चालली आहे, झोप-सुस्ती आणते आहे, ती वेगळी, तिला सीटी स्कॅन लागतो.

मशीनवर असाल तर लगेच हाक मारा, शिफ्ट संपायची वाट बघू नका. घरी असाल तर पुढच्या सेशनची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे चार गोष्टी सांगा: शेवटचं डायलिसिस केव्हा झालं, त्यात हेपरिन दिलं होतं का, ड्राय वेट किती, आणि फिस्टुलाच्या हातात (डायलिसिससाठी शीर जोडून घेतलेल्या हातात) ना सुई टोचायची ना बीपीचा पट्टा बांधायचा.